अ‍ॅडजस्ट केलेलं बटण

गोटीराम,
तू मला एका शब्दाचं मूळ विचारलं होतंस. उभ्या उभ्या सांगितलं, ते अर्धंच होतं. 'अ‍ॅडजस्ट' हा शब्द इंग्रजांनी फ्रेंचांकडून उचलला. मुळात अर्थ एवढाच, की एक वस्तू दुसरीच्या अगदी जवळ आणणं. पुढे त्यात 'जस्ट' ऐकू येतं म्हणून लोकांनी त्याला न्यायाच्या, रास्तपणाच्या ओळीत नेऊन बसवलं. मुळात न्यायबिय काही नव्हतं. नुसतं जवळ आणणं.

एवढं लिहून उज्ज्वलाबाईंनी पेन ठेवलं. कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात त्यांची हयात गेली, पण हा शब्द त्यांच्या घरात शिरला तो मागच्या खोलीतल्या भाडेकरूच्या, या गोटीरामच्याच तोंडून.

गोटीराम सायखेड्याचा. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला सातपूरच्या एका शेडमध्ये पत्रा कापायच्या प्रेसवर होता. बसच्या बाकावर एक जण जास्त बसला, अ‍ॅडजस्ट. येवल्याचा मेहुणा बायकोपोरांसकट उतरला, त्या एका खोलीत अ‍ॅडजस्ट. भाजी अळणी झाली की बायको सगुणाबाईही ताट सरकवत तेच म्हणायची. बाईंना चीड यायची. सांभाळून घेणं आहे, भागवणं आहे, जुळवणं आहे. या सगळ्यांची मुंडी मुरगाळून हा एकच कशाला? गोटीराम हसायचा. "बाई, ते शब्द एकेका कामाचे. हा सगळ्या शिफ्टला चालतो."

एकदा चहा पिताना त्याने प्रेसचं सांगितलं आणि बाईंची बशी हातातच राहिली. प्रेसला दोन बटणं, लांब लांब. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा ठोका खाली येणार, म्हणजे हात खाली सापडायची भीती नाही. पण त्यात वेळ जातो आणि नग कमी पडतात. म्हणून डावं बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने कायमचं दाबून बांधायचं. उजव्या हाताने ठोका मारायचा, डाव्याने आतला पत्रा काढायचा, नवा सरकवायचा. याला बटण अ‍ॅडजस्ट करणं म्हणतात.

सगळ्याच मशिनी अशा का, बाईंनी विचारलं.

"दोन सोडून. त्या बंद हायेत."

खंडेनवमी जवळ आली होती. बाईंनी सरळ सांगितलं, पूजेसाठी मशीन पुसशील तेव्हा ती पट्टी सोड आणि मला आणून दे. तुझ्याजवळ राहिली तर परत बांधशील. गोटीराम हो म्हणाला.

नवमीला तो प्रसाद घेऊन आला. सगुणाबाईच्या माहेरच्या झेंडूच्या माळा मशीनला घातल्या होत्या. बाईंनी हात पुढे केला. प्रसाद मिळाला, पट्टी नाही.

"तिला पण हळदकुंकू लावलं, बाई. वर्षभर काम तर तिनंच केलं. पूजलेली वस्तू लगेच काढत नाय. दसरा होऊ द्या, आणतो."

बाई संतापल्या, पण कुंकवाशी वाद घालायचा कसा? दसऱ्याला तो आपट्याची पानं देऊन पाया पडला, तेव्हा त्यांचं लक्ष त्याच्या डाव्या हातावर होतं. मग ती खोडच लागली. संध्याकाळी फाटकाची कडी वाजली की त्या खिडकीशी यायच्या. गोटीरामच्या उजव्या हातात डबा असायचा, कडी डावा हात काढायचा. तो दिसला की बाई आत वळायच्या. पट्टीचं विचारलं की उद्या.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी कडी वाजलीच नाही. अंधार पडता पडता शेडमधला एक जण मोटारसायकलवर सगुणाबाईला न्यायला आला. ती चप्पल न घालताच निघाली होती.

"बाई, डावा हात म्हणतेत," एवढंच बोलून ती मागच्या सीटवर बसली.

चार बोटं गेली. दुसऱ्या दिवशी प्रेस धुऊन चालू झाली.

पुढे गोटीराम त्याच शेडच्या गेटवर वॉचमन झाला. शेठने अ‍ॅडजस्ट करून घेतलं, असं तो सांगायचा. एकदा बाई मुद्दाम तिथे गेल्या. त्याने उठून स्वतःची खुर्ची दिली, डावा हात स्वेटरच्या खिशातच ठेवून. आत ठोके पडत होते, न थांबता. बाई बसल्या नाहीत. पट्टी कुठे आहे, एवढंच विचारलं.

"तिथंच हाय, बाई. आता दुसरा माणूस हाय ना तिच्यावर. त्याचं काम सुटलं की आणतो."

पट्टी आली नाही.