खांद्यावरून आलेला उजेड

मी केमिस्ट्री शिकवणारी बाई. असल्या गोष्टी सांगणाऱ्या मैत्रिणींना मी तोंडावर हसायचे. म्हणूनच हे लिहायला मला दोन वर्षं लागली...

तेव्हा आम्ही कतारमध्ये, अल गराफा भागात एका व्हिलाच्या तळमजल्यावर राहायचो — मी, नवरा मिलिंद आणि सात वर्षांची इरा. चोऱ्यामाऱ्यांची तिथे फारशी भीती नाही. पण एकदा मागचं दार उघडं राहिलं आणि एक अनोळखी माणूस थेट हॉलमध्ये येऊन उभा राहिला. पत्ता चुकला होता, सॉरी म्हणून गेला. मिलिंदनं मात्र धसका घेतला. त्याची प्लांटवर बारा तासांची शिफ्ट. त्यानं जुन्या क्रिकेट बॅटला एक जबरदस्त टॉर्च घट्ट बांधून टाकला.

माझे दीर सुधीरभाऊजी फौजेतून रिटायर होऊन इंडस्ट्रियल एरियात एका गोदामाची सिक्युरिटी बघतात. शुक्रवारी जेवायला आले आणि बॅट बघून गंभीरच झाले.

"वहिनी, हा टॉर्च आधी सोडवा. मारायला बॅट उचललीत की उजेड छताला जाणार आणि समोर अंधार. दिवा दुसऱ्या हातात हवा. आधी माणूस बघायचा, मग हात उचलायचा."

"अरे, रायफलला असतोच की लावलेला," मिलिंद म्हणाला.

"असतो. म्हणून तर सांगतोय. माणूस कोण ते बघायलाही नळी त्याच्यावरच रोखावी लागते." त्यांनी ताट पुढे ओढलं.

टॉर्च तसाच राहिला.

जूनमधली दुपार, साधारण तीन वाजले होते. मिलिंद प्लांटवर. बाहेर धुळीचं वादळ, म्हणून खिडक्यांची सगळी शटर्स खाली केलेली. तेवढ्यात वीज गेली. शटर्स विजेवरची, त्यामुळे ती उघडेनात. भरदिवसा घरात मिट्ट काळोख! आणि स्वयंपाकघरात काहीतरी धाडकन पडलं. मग खरखर... कोणीतरी पाय ओढत चालल्यासारखी.

माझा फोन स्वयंपाकघरात. पुढच्या दाराची किल्लीही तिथेच, हुकला, आणि मागचं दारही तिथेच. म्हणजे बाहेर पडायचं तर त्या आवाजाच्या दिशेनंच जायला हवं.

इराला बेडरूममध्ये ठेवलं. "आतून कडी लाव. मी हाक मारेपर्यंत हलायचं नाही."

"ओके, आई."

कडी लागल्याचा आवाज ऐकला आणि बॅट घेऊन पॅसेजमध्ये शिरले. अरुंद पॅसेज, एकही खिडकी नाही, मागे भिंत. एसी बंद पडल्यानं हवा जड झाली होती, श्वास पुरत नव्हता. अचानक डावीकडे दार करकरलं आणि हातभर अंतरावर काहीतरी हललं. मी दोन्ही हातांनी बॅट डोक्यावर उचलली. उजेड छतावर गेला. समोर काहीच दिसेना. हात खाली यायला निघालेच होते...

आणि माझ्या उजव्या खांद्यावरून दुसरा उजेड पडला. पांढरा, स्थिर. कोणीतरी मागे उभं राहून टॉर्च धरावा तसा.

समोर इरा होती.

बॅट माझ्या हातून गळून पडली, तिच्यावरचा टॉर्च फुटला. तरी इराचा चेहरा मला स्वच्छ दिसत होता. बाथरूमला दोन दारं, एक बेडरूममधून, दुसरं पॅसेजमध्ये. त्या दुसऱ्या दारानं ती माझ्यामागे यायला निघाली होती. ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या डोक्याच्या वर बघत होती.

"आई, हू इज बिहाइंड यू?"

मी वळले नाही. वळवेचना. तिला पोटाशी घेऊन तिथेच खाली बसले. आता किल्ली आणायला जायचं त्राण नव्हतं आणि मागेही जाता येत नव्हतं. उजेड मात्र हलला नाही. आमच्या दोघींच्या सावल्या समोर पडल्या होत्या... फक्त दोघींच्याच. वीस मिनिटं असतील, तासही असेल. वीज आली आणि मी मागे पाहिलं. कोरी भिंत.

स्वयंपाकघरातल्या आवाजाचा उलगडा झाला — वाऱ्यानं एक्झॉस्ट फॅनची झडप तुटून ओट्यावरून खाली पडली होती आणि जमिनीवर घासत होती. त्या उजेडाचं काय, ते मात्र कळलं नाही. भाऊजींना सांगितलं.  ते एवढंच म्हणाले, "पोरगी वाचली ना, वहिनी? मग विचारू नका."

मी कुणालाच विचारलं नाही. इरालासुद्धा नाही. ती काय सांगेल, ते ऐकायची माझी अजून तयारी नाही.