कोपरापर्यंत हात

आमच्या रानात आता कॉम्प्युटरवाल्यांची कंपनी हाय. तिथला माळी हातमोजे घालून झाडांवर औषध फवारतो, तेव्हा तोच जुना वास येतो. फुलशेती होती तेव्हा हातमोज्यांना मी बायकी म्हणायचो. पोराच्या लग्नाला सात वर्षं होऊन मूल नाही, म्हणून सुनेला टोचून बोलायचो. शेवटी नारायण पेठेतल्या डॉक्टरांनी दोघांना तपासलं. म्हणाले, "सुनेत दोष नाही. मुलाच्या वीर्यातलं बीज जवळजवळ सगळं मेलंय. फवारणीच्या औषधानं असं होतं. तो हातमोजे घालतो ना?" मी ताठ्यात म्हणालो, "कशाला? कोपरापर्यंत हात घालून औषध कालवतो. मीच शिकवलंय." "छान शिकवलंत," डॉक्टर म्हणाले. पोरानं गपचूप बाह्या खाली ओढल्या. आज तो माळी मला आजोबा म्हणतो. घरात तसं म्हणणारं कुणी नाही.