पत्ता आईच्या घरचा

आमच्या लॅबमध्ये त्याला सगळे मेणबत्ती म्हणायचे. उंच, किडकिडीत, मानेत जरा वाकलेला, आणि दिवसभर मेणाशीच खेळ. आम्ही कवळ्या बनवतो. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा पाठवतात, त्यावरून साचा होतो, मग मेणात एकेक दात बसवायचा. ते काम त्याचं. कवळी पक्की झाली की घासून चकाकी आणायची, हे माझं. आमची टेबलं एकमेकांना खेटून, त्यामुळे त्याच्या घरातलं मला माझ्या घरातल्यापेक्षा जास्त ठाऊक. हात मेणात म्हणून फोन कायम स्पीकरवर. मी काही कान टवकारून बसत नव्हते, कान होतेच तिथे.

त्याची आई दुसऱ्या राज्यात, एक रात्र आणि वर अख्खा दिवस गाडीत बसलं की तिचं घर. वडील गेल्यापासून ती एकटीच. हाही एकटा जीव सदाशिव, त्यामुळे इथे त्याला धरून ठेवणारं कोणी नव्हतं. आई विसरायला लागली होती. आधी किल्ल्या, मग गॅस, मग शेजारच्या काकूंचं नाव. त्याने तिला एकदा इथे आणून पाहिलं, तर ती रोज जिन्यात जाऊन उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "माझं घर कुठल्या बाजूला हो?" शेवटी परत नेऊन सोडली.

"ती मला ओळखतेय तोवर तिथे पोचायचंय, ताई," तो म्हणायचा. पण त्यासाठी तिथे नोकरी हवी. नुसता जाऊन बसला तर दोघांनी खायचं काय?

तिकडच्या लॅबना तो फोनवर फोन करायचा. कामाचे फोटो पाहून सगळे खूश. मग प्रश्न यायचा, "राहता कुठे?" आणि इथलं नाव ऐकलं की गाडी अडायची. "बाहेरच्या राज्यातला माणूस नको हो. हात बसला की घरची आठवण येते आणि पळून जातो." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अहो, हा माणूस घराकडेच पळत येतोय!

मग तो अर्जावर आईचा पत्ता आणि तिथल्या घरचा फोन नंबर द्यायला लागला. त्याला खोटं तरी कसं म्हणायचं? जन्मला तो त्याच घरात.

एके दिवशी आईचाच फोन आला. आवाजात नुसता आनंद.

"अरे, एका बाईचा फोन आला होता. तुझी चौकशी करत होती. किती गोड बोलली!"

त्याचा हात थांबला. "तू काय सांगितलंस, आई?"

"सगळं सांगितलं. म्हटलं, तो कुठला राहतोय इथे? येतो कधीतरी पाहुण्यासारखा. लहानपणी किती खोकायचास, तेही सांगितलं. ऐकून घेतलं हो बिचारीने. तुझ्याबद्दल मला विचारणारं आहे कोण हल्ली?"

मला वाटलं, आता हा फोनवर ओरडणार. तो म्हणाला, "बरं केलंस." आणि पुढचा दात वाकडा बसवला. तो त्याने काढलाही नाही, मलाच दाखवावा लागला.

त्यानंतर त्याने आईला एक वाक्य शिकवायला घेतलं. कोणीही विचारलं तर सांगायचं, बाहेर गेलाय, संध्याकाळी येईल. रोज पाढ्यांसारखी घोकंपट्टी. कधी आवाज बदलून फोन करायचा, "नमस्कार, साहेब आहेत का घरी?" पलीकडून यायचं, "नाटकं बंद कर, गाढवा. तुला ओळखत नाही का मी!" आम्ही पोट धरून हसायचो.

पण आई ते वाक्य शिकली. बाकी सगळं विसरणारी बाई, ते तेवढं डोक्यात घट्ट बसलं. मग शेजारच्या काकूंचा फोन आला. आई संध्याकाळी दार लावूनच घेत नाही. दोन ताटं मांडते आणि न जेवता बसून राहते. विचारलं तर म्हणते, "तो बाहेर गेलाय, येईलच इतक्यात."

त्याचा चेहरा मला बघवेना. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतलेला, दोष द्यायचा कोणाला? त्याने तिला खरं सांगून पाहिलं. "आई, मी इकडे आहे, लांब. संध्याकाळी येणार नाही."

"कधी गेलास?" ती म्हणाली. "मला न सांगता गेलास?" आणि हमसून हमसून रडली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वाट बघत बसली. त्याने पुन्हा सांगितलं, ती पुन्हा तेवढीच रडली, पहिल्यांदाच कळल्यासारखी. काही दिवसांनी त्याने खरं सांगणं सोडून दिलं. रोज दिवेलागणीला फोन करायचा, "आई, कामावर उशीर होतोय. तू जेवून घे, दार लावून घे."

"बरं. सकाळी तरी दिसशील ना?"

"हो."

तो फोन सुरू झाला की मी पॉलिशचं मशीन मुद्दाम चालू करायचे. मला ते सहन होत नव्हतं.

शेवटी एका छोट्या लॅबने त्याला घेतलं. मालकाने घरी फोन केला होता आणि आईने पाठ केलेलं वाक्य चोख म्हणून दाखवलं. निघायच्या दिवशी मेणबत्ती काय फुलला होता! "दारात बघून किंचाळेल ती, ताई. आधी रडेल, मग इतके दिवस कुठे होतास म्हणून झोडपेल." त्याला ते झोडपणंच हवं होतं.

पोचल्यावर त्याने मला फोन केला. संध्याकाळीच पोचला होता. आई टेबलाशी बसलेली. तिने मान वळवून पाहिलं आणि म्हणाली, "आलास? हात धू, गार होतंय." बस्स. तिच्या लेखी तो सकाळीच घरून निघाला होता.

"ओळखलं तिने मला," तो म्हणाला. "लगेच ओळखलं. तक्रार कशाची करू?"

हात धुऊन तो जेवायला बसला. जेवता जेवता आईची नजर दाराशी ठेवलेल्या बॅगेवर गेली. तिचा घास हातातच राहिला.

"ही बॅग कसली? कुठे निघालास?"

"कुठे नाही, आई. आत्ता आलोय मी."

"खोटं बोलू नकोस. मला टाकून चाललायस तू." ती उष्ट्या हाताने उठली. बॅग उघडून एकेक शर्ट काढून कपाटात कोंबायला लागली, आणि रडत रडत एकच म्हणत होती, "जाऊ नकोस रे. मी कधी काही मागितलंय का तुझ्याकडे?"

हे सगळं त्याने मला फोनवर सांगितलं. मग म्हणाला, "मी आलोय हे तिला कसं पटवू, ताई?"