खालच्या आळीची वाळू

नवरा गेला, तरी तिने खालच्या आळीतली लोहारभट्टी विझू दिली नाही. होड्यांचे नांगर स्वतः ठोकायची. कुणी चेष्टा केली, तर त्याच्या हाती घण देऊन म्हणायची, "घे, आधी घाव घाल, मग तोंड चालव." म्हणून ती घणबाई. तिच्यापुढे आवाज चढवायची हिंमत एकाचीच, धाकट्या भावाची. तो गवंडी, राहायला वरच्या आळीत. आई लवकर गेल्यामुळे त्याला तिनेच कडेवर वाढवलेलं.

वरची आळी खचू लागली, तेव्हा भावाने तिथे किनाऱ्यापासून थेट समुद्रात शिरणारा दगडी बांध घातला. त्या किनाऱ्याला लाट तिरकीच येते. तळाची वाळू ती ढवळून उचलते, कडेने धावणारा प्रवाह ती पुढे ओढून टाकतो, पुढची लाट तीच पुन्हा उचलते. अशी वाळू वरच्या आळीकडून खालच्या आळीकडे सारखी चाललेली असायची. बांधाने तिची वाट अडवली. वर वाळूचं मैदान झालं. खाली होती ती वाळू लाटा नेत राहिल्या, वरून मात्र मूठभरही येईना.

मग वादळ आलं. लाट भिंत फोडून भट्टीत घुसली. निखाऱ्यांवर पाणी पडताच वाफेचा लोट उसळला आणि घणबाईचा डावा हात सोलून निघाला. खालची वाळू सरकली, तशी ऐरण डोळ्यांदेखत गडप झाली. शेजारची म्हातारी ढिगाऱ्याखालून मेलेलीच निघाली.

म्हातारीला माती देऊन घणबाई घण घेऊन थेट बांधाकडे निघाली. मागे अख्खी आळी, पहारी घेऊन. समोर वरची आळी, सगळ्यांपुढे भाऊ.

"ताई, मागे फिर. बांध फुटला तर आम्ही जाऊ."

"आम्ही गेलो त्याचं काय?"

"ते समुद्राने केलं."

"समुद्र काय काल आला का रे?"

कुठून तरी दगड आला आणि एकच गोंधळ उडाला. डोकी फुटली, दात पडले. घण हिसकावायला भावाने तिचा भाजलेला हातच धरला. कातडी त्याच्या मुठीत आली. ती किंचाळली आणि उजव्या हाताने घण फिरवला. त्याच्या गुडघ्याचा चुरा झाला. भाऊ बांधावरून खाली कोसळला, जिथे प्रवाहाने तळ खोल कोरला होता.

घण टाकून तिने उडी घेतली. पायाखालची वाळू निसटत होती, पाणी लाल झालं होतं. तिने त्याचे केस धरले ते सोडले नाहीत. दोन्ही आळ्यांनी दोर टाकून दोघांना वर ओढलं.

तोवर खालच्या आळीच्या पहारींनी बांधाचं टोक उखडलं होतं. लाटांनी ते भगदाड वाढवलं आणि वाळू हळूहळू खाली येऊ लागली. वरच्या आळीचं मैदान घटलं, पण घरं राहिली. मग बांध आखूड करायचं ठरलं. भावाने पाय लांब करून खुर्चीत बसून, गवंड्यांवर खेकसत ते काम करून घेतलं. त्याचा पाय पुन्हा वाकला नाही. तिचा डावा हातही पुरता मिटेना.

माफी कुणीच मागितली नाही. नवी भट्टी पेटली त्या दिवशी तो कुबडी टेकत आला, दारात उभा राहिला.

"छत नीट घातलंय का, बघतो," म्हणाला.

"बघ," ती म्हणाली, आणि भाता ओढत राहिली.