कव्हराखालचे दिवे

माझ्या वडिलांच्या गाडीची बॅटरी मी तीनदा उतरवली. मुद्दाम. शाळेत पोरांना खरं बोला म्हणून दरडावणारी बाई मी, आणि घरी येऊन हे उद्योग करत होते.

बाबांनी तीस वर्षं कर्जत-कशेळे रस्त्यावर प्रवाशांची जीप चालवली. जीप विकली तेव्हा हातपाय आखडू नयेत म्हणून एक जुनी लहान गाडी घेतली. रोज पाचच्या ठोक्याला ती काढायची, कशेळ्याच्या नाक्यावर जायचं, आपल्यासारख्याच म्हाताऱ्या ड्रायव्हरांबरोबर चहा प्यायचा आणि दिवेलागणीच्या आत परत यायचं. आई गेल्यावर त्यांना घराबाहेर तेवढंच उरलं होतं.

मग पनवेलच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरची नजर शाबूत, दोन्ही बाजूंची गेलेली. गेली ती परत येणार नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची आणि गाडी आजपासून बंद. बाबांनी मान डोलावली, दवाखान्याच्या पायऱ्या भिंतीला हात लावत उतरले, आणि खाली आल्यावर म्हणाले, "समोरचं सगळं दिसतंय मला. रस्ता समोरच असतो ना गं?"

रस्ता समोर असतो, माणसं बाजूने येतात. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी मी त्यांच्या शेजारी बसले होते. वाडीवरची एक बाई कमरेवर मोळी घेऊन कडेने चालली होती. मला ती लांबूनच दिसत होती. बाबांनाही दिसत असणार असं मी धरून चालले, तेवढ्यात आरसा मोळीला लागला आणि बाई मोळीसकट गवतात बसली. तिला लागलं नव्हतं. मी उतरून लाकडं गोळा करून दिली. ती नुसती गाडीकडे बघत राहिली. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून विचारत होते, "कुठनं आली ही? आता तर नव्हती."

त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी किल्ली मागितली. बाबांचा राग आधीच नाकावर. "तीस वर्षांत एकाला खरचटलं नाय माझ्या गाडीत. मला दावणीला बांध, म्हंजे सुटलीस," म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला त्यांचा राग आला, कीवही आली, आणि किल्ली खिळ्यावरच राहिली. पण रोज पाच वाजता गाडी निघाली की मनात एकच यायचं. उद्या मोळीऐवजी बाई गाडीखाली आली तर?

आमची गाडी मागच्या पडवीत, पेंढ्याच्या उडवीशेजारी, जाड कव्हर घालून उभी असायची. माझी शाळा सकाळची. एकला घरी आले की बाबा जेवून आडवे झालेले असायचे. मी खिळ्यावरची किल्ली काढायची, कव्हर उचलून आत हात घालायचा, पुढचे मोठे दिवे लावायचे आणि कव्हर परत सोडायचं. कव्हराखाली भर दुपारी दिवे लागलेत हे कुणाला कळणार? साडेचारला जाऊन बंद करायचे. तेवढ्यात जुनी बॅटरी पार बसलेली असायची. पाच वाजता बाबा किल्ली फिरवायचे आणि नुसतं टक् वाजायचं.

पहिल्यांदा वाटलं, जमलं. पण बाबा हार मानणारे नव्हते. शेजारचा टेंपोवाला कापणीनंतर पेंढा वाहायचा. त्याला हाक मारून त्यांनी टेंपो गाडीसमोर आणवला, दोन्हींत हातभर अंतर ठेवायला लावलं, दोन्ही बंद करायला लावले, एका बॅटरीवरून दुसरी चालू करायच्या लाल-काळ्या वायरी पडवीतून काढल्या आणि मला बोलावलं.

"शिकून घे. लाल आपल्या बॅटरीच्या अधिकला. लालचं दुसरं टोक टेंपोच्या अधिकला. मग काळी टेंपोच्या उण्याला. आणि ऱ्हायलेली काळी कुठं?"

"आपल्या बॅटरीच्या उण्याला," मी म्हणाले.

"तितंच चुकतात सगळी. बॅटरीला नाय लावायची. इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासनं लांब. शेवटचं टोक लावताना ठिणगी उडते, आणि बॅटरीतनं गॅस येत असतो. कर्जतच्या स्टँडवर एकाचा डोळा गेला माझ्यासमोर. काढताना उलटं. ही शेवटची काळी पहिली काढायची."

डोळ्यांची एवढी काळजी घेत आलेला माणूस! टेंपो चालू केला, पाच मिनिटं थांबलो, किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. बाबा नाक्यावर गेले. उशिरा का होईना, गेले.

दुसऱ्यांदाही तेच झालं. टेंपोवाला वैतागून म्हणाला, "काका, बॅटरी बदला आता." बाबा म्हणाले, "बघू." आणि माझ्याकडे बघितलं, म्हणजे मान पूर्ण वळवून बघितलं, हल्ली बघायचे तसं.

तिसऱ्या वेळी वायरीची तीन टोकं लागली होती आणि चौथं टोक बाबांच्या हातात होतं. लोखंडाची ती जागा उजवीकडे होती, त्यांना न दिसणाऱ्या बाजूला. ते चाचपडले, चिमटा सरकला आणि थेट बॅटरीच्या उण्याला लागला. फट्‌कन ठिणगी उडाली. बाबा मागे सरले. काही झालं नाही, पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "हात घसरला," म्हणाले. हात घसरला नव्हता हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

रस्त्यावरचा धोका मी उचलून घरात आणला होता, त्यांच्या तोंडासमोर. त्या दिवसापासून मी कव्हराला हात लावला नाही. चार दिवस बाबा रोज पाच वाजता गेले आणि चारही दिवस ते येईपर्यंत मी दारात उभी राहिले. त्यांना खरं सांगायचं धैर्य नव्हतं आणि खोटंही पुढे रेटवत नव्हतं. स्वतःची इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

पाचव्या दिवशी शाळेत मीटिंग होती. चारला घरी पोचले. पाच वाजता बाबांनी किल्ली फिरवली आणि टक् वाजलं.

मी खरंच चरकले. पुन्हा पुन्हा पार बसवली तर बॅटरी कायमची जाते, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. म्हणजे मी ती मारली होती. टेंपो आला. बाबांनी वायरी माझ्या हातात दिल्या आणि आपण पायरीवर जाऊन बसले. "तू लाव. मी सांगत नाय."

मी लावलं. लाल, लाल, काळी, आणि शेवटची काळी इंजिनाच्या लोखंडाला. एकही टोक चुकलं नाही. गाडी सुरू झाली. उलट्या क्रमाने वायरी काढून गुंडाळल्या, टेंपो निघून गेला. बाबा उठले, बॉनेटला हात लावत पुढून वळसा घालून गेले आणि डाव्या दाराने आत बसले. जन्मात कधी मी त्यांना त्या सीटवर बघितलं नव्हतं. लायसन्स माझ्याकडेही होतं, पण ते असताना स्टिअरिंगवर मी आज पहिल्यांदाच बसले.

"अर्धा तास तरी फिरव," ते म्हणाले, "मधे बंद केलीस तर परत चालू व्हायची नाय."

कशेळ्याच्या रस्त्याला लागलो. कापलेल्या शेतांत नुसती धसकटं उरली होती. शनिवार असल्यामुळे फार्महाऊसवाल्यांच्या मोठ्या गाड्या हॉर्न मारत पुढे जात होत्या. नाका आला. त्यांचे सोबती बाकावर बसलेले दिसले. मी वेग कमी केला तर म्हणाले, "नको. पुढं चल."

मला राहवेना. मी म्हणाले, "बाबा, बॅटरी गेली वाटतं. नवीन घेऊ."

"बॅटरी बरी हाय. दुपारी मीच दिवे लावून ठेवले."

माझे हात स्टिअरिंगवर आवळले गेले.

"दुसऱ्या वेळेलाच कळलं मला," ते म्हणाले. "दिव्याच्या काचेला हात लावला, तर गरम. कव्हराखालची काच गरम कशी ऱ्हाते? कुत्र्यानं तर लावले नाय दिवे. तू उन्हातनं येतेस शाळेतनं. जेवायच्या आधी मागं धावतेस. आज म्हटलं, मीटिंग हाय तिची. आपणच लावू."

"बाबा, मी..."

"ती मोळीवाली बाय मला खरंच दिसली नव्हती गं. रोज झोपताना तीच दिसते." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत घातला. "पण सोडतो म्हणायला तोंड उघडत नव्हतं."

मला पुढचं दिसेना. कशीबशी गाडी कडेला घेतली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. बाजूने गाड्या जात होत्या. सवयीने माझा हात किल्लीकडे गेला, तर बाबांनी चाचपडत तो धरला.

"रड," म्हणाले, "पण गाडी बंद करू नको."