उसन्या भीतीचा माणूस

बडोद्यात शहाण्या माणसांचा तुटवडा कधीच नव्हता. पण वेडं दिसायची इतकी तयारी असलेला शहाणा माणूस मी आमच्या शेजाऱ्यांखेरीज दुसरा पाहिलेला नाही. ते मानसोपचार करतात. डॉक्टर म्हटलेलं त्यांना चालत नाही, कारण ते गोळ्या देत नाहीत. 'सर' म्हटलेलं चालतं, पण आवडत नाही. रावपुऱ्यात भांड्यांच्या दुकानावर त्यांची एक खोली आहे. खाली दिवसभर पातेल्यांचा आवाज, वर दोन खुर्च्या आणि शंभर पानी वह्यांचं एक कपाट. पदव्या का लावल्या नाहीत, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "भिंतीवर लावल्या की घाबरलेला माणूस त्याच वाचत बसतो. मग माझ्याकडे बघत नाही." शहरात एका मनःशांती केंद्राच्या उद्घाटनाला त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. समई, शाल, श्रीफळ, मागे 'आठ आठवड्यांत चिंतामुक्ती' असा भलामोठा फलक. हे उभे राहिले आणि म्हणाले, "आठ आठवड्यांत बरी होणारी माणसं कोणती ते आधी मला दाखवा. मी त्यांना नमस्कार करून जातो." संयोजक मागून कुजबुजला, "साहेब, थोडुं पॉझिटिव बोलो ने!" तेव्हा ते माइकवर म्हणाले, "समई चांगली आहे," आणि खाली बसले.

एवढ्यावर भागलं असतं तर त्यांची गणना फटकळ माणसांत झाली असती, आणि फटकळपणाला आमच्याकडे मान आहे. पण त्यांना लहरी येत, आणि त्या लहरी ऋतूंसारख्या बदलत. एका वर्षी चार महिने ते घराला कुलूप लावून झालं की मान ताठ ठेवून, झापडं बांधलेल्या घोड्यासारखे जिना उतरत. कुलूप ओढून बघायचं नाही, मागे वळायचं नाही. एक दिवस ते नीट लागलंच नव्हतं आणि घर संध्याकाळपर्यंत सताड उघडं राहिलं. मी काळजीनं विचारलं, "काही गेलं का?" "दूध गेलं," ते म्हणाले, "मांजर येऊन गेलेली दिसते. पण मी अर्ध्या वाटेवरून परत आलो नाही, ही मोठी गोष्ट झाली." दुसऱ्या वर्षी भाजीबाजारात जाऊन ते एकच वस्तू मागू लागले. एक टोमॅटो, एक मिरची. भर गर्दीत, मागे बायका खोळंबलेल्या, आणि हे खणखणीत आवाजात एका भेंडीचा भाव विचारत, "एक भींडाना केटला?" भाजीवालीनं कपाळाला हात लावला. "मफत लई जाव, काका, पण काले पाछा नहीं आवता!" उद्या येऊ नका म्हटल्यावर ते दुसऱ्या दिवशी परत गेले आणि तिसऱ्या दिवशीही. आठवड्याच्या शेवटी त्यांच्याकडे सात भेंड्या जमल्या होत्या, त्यांची त्यांनी भाजी केली. ती चांगली झाली नव्हती.

या साऱ्या किश्शांचा मी आमच्या मराठी मंडळातला अधिकृत निवेदक होतो. मी प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्याच्या कचेरीत पस्तीस वर्षं नोकरी केली. तिथं दुपारच्या चहाला ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, त्याला कोणी विचारत नाही. दुसऱ्याचं हसं करून सांगण्याची माझी हातोटी त्या चहावर तयार झालेली आहे. शेजारी राहायला आले तेव्हा मला वाटलं, निवृत्तीनंतर देवानं पेन्शनबरोबर हेही पाठवलं.

माझं हसणं पहिल्यांदा अडखळलं ते एका डिसेंबरात. आकाशात ढगाचा ठिपका नाही, आणि शेजारी रावपुऱ्याच्या रस्त्यावरून उघडी छत्री घेऊन संथपणे चाललेले. मी स्कूटर बाजूला घेतली, कारण असं दृश्य फुकट घालवायचं नसतं. तेव्हा दिसलं, की त्यांच्या मागे दहा पावलांवर एक तरुण चालला होता. त्याच्याही हातात उघडी छत्री होती. कान लाल, नजर जमिनीत. रिक्षावाले हॉर्न मारत होते, दुकानदार कापड मोजत होते, आणि दोघांकडे ढुंकूनही बघायला कोणाला सवड नव्हती. कोपऱ्यापर्यंत जाईतो त्या मुलाची मान वर आली होती. संध्याकाळी मी शेजाऱ्यांना विचारलं, "छत्री कशासाठी?" ते म्हणाले, "ऊन होतं."

पुढं हळूहळू कळलं. त्यांच्याकडे येणाऱ्यांची नावं कधीच कळली नाहीत. उदाहरण दिलंच तर ते एकाचं डोकं आणि दुसऱ्याचे पाय जोडून देत. प्रत्येक माणसासाठी एक वही. वहीत त्याच्या भीतीच्या पायऱ्या, सोप्यापासून अवघडापर्यंत, त्याच्याच शब्दांत लिहिलेल्या. एका वहीतली पायरी दुसऱ्या वहीत जाणार नाही. आणि जी पायरी समोरच्याला चढायला सांगायची, ती आधी स्वतः चारचौघांत चढून यायची. "अहो, छापील कागद असतात ना या सगळ्याचे?" मी म्हणालो. "असतात. चांगलेही असतात," ते म्हणाले. "पण आता लिफ्टची भीती घ्या. एकाला वाटतं, ती मध्येच अडकेल. दुसरीला वाटतं, अडकणार नाही, पण शेजारी उभा असलेला माणूस माझा श्वास ऐकेल. एकाला रिकाम्या लिफ्टमध्ये पाठवायचं, दुसरीला भरलेल्या. उलट केलं तर दोघंही म्हणतील, उपचार झाला, आणि दोघंही जिन्यानं घरी जातील."

मला हे पटलं. पटलं म्हणून मी किस्से सांगायचं थांबवलं असं मात्र नाही.

आता घरचं सांगायला हवं. शेजारी रोज सहाला आमच्याकडे चहाला येत आणि चहाचा ट्रे मी आणत असे. आमच्या घरी पाहुण्यांपुढे ट्रे नेहमी मीच आणतो. याचा मला अभिमान होता. मंडळातल्या तरुणांना मी यावरून स्त्री-पुरुष समतेचे दोन शब्दही ऐकवले आहेत. खरी हकीकत अशी, की सहा वर्षांपूर्वी कचेरीतली आठ माणसं घरी आली होती. माझी बायको ट्रे घेऊन बाहेर आली, हात थरथरत होते आणि कपबशा खणखणत होत्या. मी म्हणालो, "प्रतापनगरची गाडी आली! फाटक बंद करा!" आठही जण खो खो हसले. तीही हसली. त्यानंतर तिनं पाहुण्यांपुढे ट्रे आणला नाही. कधी हात पिठाचे असत, कधी गुडघा दुखे, कधी नुसतं "अहो, तुम्हीच न्या ना." हळदीकुंकवाला जाणं सुटलं, लग्नातलं जेवण सुटलं. मी त्याला वयाची विरक्ती समजलो. दर गुरुवारी ती देवळात जाऊ लागली, तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

अशात मुलानं लग्न ठरवलं. मुलगी गुजराती, वडिलांचा गोरव्यात लहानसा इंजिनिअरिंगचा कारखाना, माणसं साधी. त्यांना आमचं घर बघायचं होतं, घरी बसून चहा घ्यायचा होता. हिनं एकदा नळाचं काम काढलं, एकदा ताप, आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "हॉटेलातच भेटू या की." तेव्हा मुलीच्या वडिलांचा मला फोन आला. आवाज नरम होता, पण प्रश्न नरम नव्हता. "अमने घेर बोलाववामां तमने कंई वांधो छे?" आम्हाला घरी बोलवायला तुमची काही हरकत आहे का? मुलगा आईसमोर उभा राहिला. "आई, तुला ती पसंत नाही, हे सरळ सांग ना. कारणं कशाला देतेस?" ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मी मुलाची बाजू घेतली. पुढच्या महिन्यातला एक रविवार ठरला, आणि तो मोडला तर लग्नही मोडेल, हे तिघांनाही न बोलता कळलं.

त्याच आठवड्यात शेजाऱ्यांना नवी लहर आली. ते चहा सांडू लागले. कप उचलला की हात थरथरे, कप बशीवर खणखणे, चहा अर्धा बशीत आणि थोडा माझ्या वर्तमानपत्रावर. आमच्याकडे सांडला, मंडळात सांडला, रावपुऱ्याच्या टपरीवर चारचौघांत सांडला. मंडळाचे चिटणीस मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता हे गेले. कंपवात आहे हा." मीही शेजाऱ्यांना म्हटलं, "कोणाला तरी दाखवा." "दाखवलं." "मग?" "हात उत्तम आहे म्हणाले." आणि चालू असलेलं बोलणं न तोडता त्यांनी बशीतला चहा परत कपात ओतला.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी कप असाच खणखणू लागला आणि माझ्या जिभेवर वाक्य आलं, "प्रतापनगरची गाडी..." ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. हे वाक्य मी आधी कोणाला ऐकवलं होतं ते मला आठवलं. मी वर पाहिलं. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिची नजर शेजाऱ्यांच्या हाताकडे नव्हती, माझ्या तोंडाकडे होती.

त्या संध्याकाळी मी शेजाऱ्यांना जिन्यात गाठलं. "कोणासाठी चाललंय हे?" "चहा गरम होता," ते म्हणाले. "मी काय करू, ते तरी सांगा. मीही सांडू का?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नको. तुम्ही नाटक कराल आणि ते चांगलं वठेल. मी दुसऱ्या कोणाबद्दल बोलत नाही, तुमच्याबद्दल बोलतो. तुमची पायरी वेगळी आहे. ट्रे कोणाच्याही हातात असो, तुम्ही उठायचं नाही, धरायचं नाही आणि गंमत करायची नाही. बोलणं चालू ठेवायचं." "एवढंच?" "करून बघा," ते म्हणाले.

रविवारी गोरव्याची मंडळी आली. शेजाऱ्यांना मी बोलावलं होतं. त्यांनी साफ नकार दिला. "मी असलो तर ती माझी हुशारी होईल," एवढंच म्हणाले. मुलगा सवयीनं माझ्याकडे बघत होता, की बाबा आता उठतील. मी उठलो नाही. मुलीच्या वडिलांना मी डिझेल इंजिनाविषयी काहीतरी सांगत होतो. काय सांगत होतो ते देव जाणे, कारण आतून आवाज यायला लागला होता. ट्रे घेऊन ती बाहेर आली. कप तिनं काठोकाठ भरले होते. अर्धे भरले असते तर चहा सांडला नसता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. पाच कप, पाच बशा, आणि दारापासून टेबलापर्यंतची सात पावलं. पस्तीस वर्षं मी कारखान्याच्या घणाशेजारच्या कचेरीत काढली, पण इतका मोठा आवाज ऐकला नव्हता. मी इंजिनाविषयी बोलत राहिलो. मुलीची आई ट्रे हातात घ्यायला अर्धवट उठली. "बेन, तमे बेसो ने, हुं लई लउं छुं."

ही थांबली. ट्रे हातातच होता. "ना ना, बेसो," ती म्हणाली. "मारा हाथ ध्रूजे छे. पण चा सारी छे."

हात थरथरतात, पण चहा चांगला आहे. सहा वर्षं जे लपवलं, ते तिनं परक्या माणसांना, त्यांच्या भाषेत, दोन वाक्यांत सांगून टाकलं. क्षणभर कोणी बोललं नाही. मीही नाही, तेवढी माझी पायरी चुकली. मग मुलीच्या वडिलांनी चहानं डबडबलेली बशी दोन्ही हातांनी उचलली, "चा तो रकाबीमां ज पिवाय!" म्हणाले आणि असा भुरका मारला, की त्यांच्या बायकोनं लाजून त्यांच्याकडे डोळे वटारले. मुलगा मात्र आईकडे बघत होता. त्याचा चहा तसाच राहिला.

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. ती कप विसळत होती. गुरुवारचं देऊळ म्हणजे रावपुऱ्यातली भांड्यांच्या दुकानावरची खोली, हे तिनं आपण होऊन सांगितलं. ओळखीच्या घरातल्या माणसावर उपचार नको म्हणून शेजाऱ्यांनी तिला आधी हेच काम करणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं होतं. दोनदा ती तिथल्या दारातून परत आली, तेव्हा कुठं त्यांनी वही काढली. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तुम्ही त्याचा किस्सा केला असतात."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही उत्तर तरी देता आलं असतं. आता हे लिहायची परवानगीही तिनंच दिली आहे. हसू आलं तर ते तुमच्यावर येऊ दे, या अटीवर.

शेजारी अजून सहाला येतात. परवा मी त्यांना म्हटलं, "इतक्या वर्षांत गावाच्या भित्या अंगावर घेऊन फिरलात. तुम्हाला स्वतःला कशाची भीती वाटते?" आजवर स्वतःविषयीचा कोणताही प्रश्न त्यांनी दोन शब्दांत उडवून लावला आहे. या वेळी ते खिडकीबाहेर बघत बसले. डोक्याचे केस सगळे पांढरे झालेत, हे मला तेव्हाच दिसलं. बऱ्याच वेळानं त्यांनी कप पुढं केला आणि म्हणाले, "वहिनी, अजून अर्धा द्या." तिनं ओतला. किटली कपाच्या काठावर जरा खणखणली, आणि आम्ही तिघंही खिडकीबाहेर बघत राहिलो.