टेपवर टाकलेले रुमाल

नोकरीतला शहाणपणा दुसऱ्या दिवशी विसरतो, येडपटपणा मात्र साठत जातो. त्याला कधी जागा कमी पडत नाही. बाकी सगळ्याला पडते, हे मी अधिकाराने सांगतो. कलबुर्गीच्या आमच्या संशोधन केंद्रात जागावाटप माझ्याकडेच आहे. पाऊस, माती, तूर यांचा डेटा एवढा, की टेपवर ठेवावा लागतो. कपाटाएवढं यंत्र, आत टेपांच्या रांगा, आणि हवी ती टेप काढून आणणारा लोखंडी हात. सगळ्या विभागांत मिळून हे एकच.

*

आमचे ऑपरेटर महादेवअण्णा खजुरी गावचे. दसऱ्यातल्या आयुधपूजेला त्यांनी यंत्राला हार घातला, ते ठीक. पण आतल्या टेपांनी काय घोडं मारलंय, म्हणून एकूण एक टेपला कुंकू लावलं. नेमकं बारकोडवर. दुसऱ्या दिवशी हात प्रत्येक टेपसमोर जायचा, थांबायचा आणि रिकामाच परतायचा. त्याला एकही टेप ओळखू येईना.

"अण्णा, आत कामून लावलं?"

"भायेरच्याला लावून आतल्याला न्हाई, बरं दिसतंय का सर?"

दोन दिवस आम्ही फडकी घेऊन कुंकू पुसत होतो.

*

हवामान विभागाच्या पाटील सरांनी एकच फाइल चाळीस वेळा मागितली. लोखंडी हाताने तीच टेप चाळीस वेळा आणली आणि ठेवली. बाकीचे विभाग ताटकळले.

"सर, एकदाच मागायची असते."

"लिफ्टचं बटण तुमी एकदाच दाबताव व्हय?"



*

बसवकल्याणला उमरग्याच्या बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. ही रीत आमच्या प्राध्यापकांनी टेपवर आणली. त्याला कारण मीच. न वापरलेली जागा काढून घेऊ, असं परिपत्रक मी काढलं आणि आठवड्यात टेपांवरची सगळी जागा भरली. एका भल्यामोठ्या फाइलचं नाव होतं 'अतिमहत्त्वाचे'. आत नुसती शून्यं.

*

तेवढ्यात आमच्या संतपूर उपकेंद्रातल्या सुनंदाअक्का आल्या. सात वर्षं तुरीच्या रानात फिरून त्यांनी पाऊस आणि मातीची ओल मोजलेली. ते सगळं एका जुन्या डिस्कवर, आणि डिस्क सोमवारी भंगारात जाणार. टेपवर जागा नाही.

"सर, पडून गेलेला पाऊस परत मोजता येत न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या. मला माझ्या परिपत्रकाची लाज वाटली.

मी विभागाविभागांत हात जोडत फिरलो. जो तो म्हणे, आधी शेजारच्या विभागाचा रुमाल उचला. शेवटी महादेवअण्णांनी फळ्यावर एक ओळ लिहिली: 'शनिवारच्या बैठकीत ज्याची त्याची फाइल मोठ्या पडद्यावर उघडून दाखवण्यात येईल.'

शुक्रवारी दुपारपर्यंत टेपांवरची निम्मी जागा रिकामी झाली. 'अतिमहत्त्वाचे'सुद्धा गेलं. अक्कांची सात वर्षं टेपवर चढली तेव्हा अण्णांनी यंत्राला हात जोडले. अक्कांचे डोळे भरून आले, माझेही.

सोमवारी मी यादी उघडली. अक्कांच्या सात वर्षांखाली तेवढीच मोठी एक नवी फाइल. आत नुसती शून्यं.

मी फोन लावला. "अक्का, हे काय करायलाव?"

"पुढचा पाऊस कुठं बसणार, सर?"